पाळी गेली, मग हे रक्त कुठलं?

मावशीने मला हे सांगितलं ते दोरीवरचे कपडे काढता काढता, पाठ माझ्याकडे करून. "पंधरा दिवस झाले गं, अंगावर थोडं लाल दिसतंय. उष्णता झाली असेल. सब्जा घेतेय रोज." मावशी ६६ वर्षांची. तिची पाळी जाऊन १७ वर्षं झालेली. ते पंधरा दिवस ती जुन्या सुती साडीच्या घड्या वापरत होती आणि सुनेला दिसू नयेत म्हणून न्हाणीत, बंबामागच्या खिळ्याला वाळत घालत होती.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. 'गर्भपिशवीचं अस्तर ३ मिलिमीटर, बाकी काही नाही,' असा रिपोर्ट हातात आला, रक्त थांबायच्या गोळ्या मिळाल्या, आणि आम्ही येताना पेढे घेऊन आलो. दहा दिवसांनी मावशीच्या परकरावर पुन्हा डाग होता.

हा लेख त्या दुसऱ्या डागाबद्दल आहे. पाळी गेल्यावर रक्त दिसण्याची नेहमीची कारणं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतात. पण नेहमीच्या तपासण्या 'नॉर्मल' येतात आणि रक्त मात्र येतच राहतं, तेव्हा काय शोधायचं हे सहसा कोणी सांगत नाही.

आधी हिशेब साफ करू. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे बहुतेकींची ती ४६-४७च्या आसपास जाते. जायच्या आधीची दोन-चार वर्षं पाळी मागेपुढे होते, कधी जास्त जाते, ती गोष्ट वेगळी. पण वर्ष कोरडं गेल्यानंतर लाल, गुलाबी, तपकिरी असं काहीही दिसलं, एकच थेंब दिसला आणि पुन्हा दिसला नाही, तरी ते दाखवायचं असतं. 'पाळी परत आली' असं काही नसतं. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर पहिल्या काही महिन्यांत थोडं रक्त दिसू शकतं. तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचंच.

नेहमीचं कारण साधं असतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटलं की योनीची आणि पिशवीची आतली त्वचा पातळ, कोरडी होते. न सारवलेल्या भुईला भेगा पडाव्यात तशी ती कुठेतरी उलते आणि रक्त येतं. मग पिशवीतले पॉलिप, म्हणजे अस्तरावर देठाने लटकलेली मऊ वाढ. मग अस्तर जाड होणं. आणि कर्करोग, पिशवीचा किंवा पिशवीच्या तोंडाचा. २०१८ साली १२९ अभ्यासांमधली ४० हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. पाळी गेल्यावर रक्त आलेल्या शंभर जणींपैकी साधारण नऊ जणींना पिशवीचा कर्करोग निघाला. आणि उलट बाजूने, हा कर्करोग झालेल्या शंभरातल्या नव्वद जणींना आधी रक्त दिसलं होतं. म्हणजे बहुतेकींना कर्करोग नसतो, पण ज्यांना असतो त्यांना शरीर बहुधा आधी कळवतं. इतका प्रामाणिक आजार फार थोडा असतो.

आता मावशीच्या दुसऱ्या डागाकडे.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधीचा रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, तुम्हाला तपासलं होतं का कोणी? टेबलावर घेऊन, दिवा लावून?" नव्हतं. पोटावर जेल लावून मशीन फिरवलं होतं, तेवढंच. बाईंनी मावशीला टेबलावर घेतलं, दिवा खाली ओढला, आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "हे बघा." लघवीच्या छिद्राच्या खालच्या ओठावर डाळिंबाच्या दाण्याएवढं, तेवढंच लालबुंद काहीतरी होतं. कापसाचा बोळा लागला तसा त्यावर रक्ताचा ठिपका उमटला. पिशवीतून काहीच येत नव्हतं.

याला युरेथ्रल कॅरंकल म्हणतात. पाळी गेल्यावर लघवीच्या मार्गाच्या तोंडाची त्वचा पातळ होऊन थोडी बाहेर उलटते, घासते, सुजते. बहुतेकदा दुखतही नाही. लघवीनंतर पुसताना किंवा चालताना परकर घासून रक्त येतं, आणि बाईला वाटतं ते 'खालून' आलं. योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने बऱ्याच जणींचं शमतं. दिसायला वेगळं वाटलं किंवा मलमाने बसलं नाही तर तुकडा काढून तपासतात, कारण क्वचित त्या जागी कर्करोगही असू शकतो.

डागाला पत्ता नसतो. लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तीन वाटा बोटभर अंतरात आहेत, आणि कापडावरचा डाग त्यातल्या कोणत्या वाटेने आला हे सांगत नाही. मूत्राशयातल्या गाठीचं रक्त लघवीतून न दुखता येतं. मूळव्याधीचं शौचाच्या वेळी येतं. संशय असला की डॉक्टर कधी योनीत कापसाचा बोळा ठेवून लघवी करायला सांगतात. बोळा कोरा आणि लघवी लाल, म्हणजे पिशवीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मला ही युक्ती सगळ्या महागड्या मशिनींहून जास्त आवडली.

पण मावशीच्या आधीच्या रिपोर्टमधले ते ३ मिलिमीटर सोडून द्यायचे नाहीत, कारण त्या आकड्यावर फार मोठा भरवसा ठेवला जातो. योनीतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर पिशवीचा कर्करोग असण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, असं धरतात. पहिल्या वेळच्या रक्तस्रावासाठी हा नियम चांगला आहे. पुष्कळ बायकांची पिशवी उगाच खरवडायची वाचते. पण त्या नियमाला फट आहे. पिशवीचा नेहमीचा कर्करोग इस्ट्रोजेनवर पोसला जातो, म्हणून त्यात अस्तर जाड होतं. 'सिरस' नावाचा दुसरा, क्वचित दिसणारा आणि जास्त आडदांड प्रकार मात्र इस्ट्रोजेनची वाट बघत नाही. तो वाळलेल्या, पातळ अस्तरातच उगवतो. अस्तर पातळ असताना पुन्हा पुन्हा रक्त आलं, तर तुकडा घेऊन तपासायलाच हवा, सोनोग्राफी काहीही म्हणो.

तुकडा घेण्यातही मेख आहे. आपण ज्याला 'क्युरेटिंग' म्हणतो, ते आंधळं काम आहे. हात आत जातो, डोळे जात नाहीत. देठावर लोंबणारा पॉलिप चमच्याखालून सरकतो, कोपऱ्यातला भाग खरवडला जातच नाही. आणि रिपोर्ट येतो, 'नमुना अपुरा'. हा शब्द पुष्कळ घरांत 'काही नाही' असा वाचला जातो. अपुरा म्हणजे उत्तर मिळालेलं नाही. अशा वेळी हिस्टेरोस्कोपी करतात. पेन्सिलीहून बारीक दुर्बीण पिशवीत घालून, बघून, नेमक्या जागेचा तुकडा घेतात.

आता एक असं कारण, ज्यात पिशवी निर्दोष असते.

माळरान डोळ्यांपुढे आणा. पाऊस असतो तोवर गवत उगवतं. पाळीच्या वयात इस्ट्रोजेन हा पाऊस, आणि पिशवीचं अस्तर हे गवत. पाळी गेली की पाऊस थांबला आणि माळ पिवळा पडला. आता मे महिन्यात त्या माळावर हिरवळ दिसली, तर शेतकरी गवताकडे बघत बसत नाही. पाइप कुठे फुटलाय ते शोधतो. ६०-६५ वयाच्या बाईचं अस्तर जाड झालंय, ती हार्मोनच्या गोळ्या घेत नाही, तर हे पाणी येतंय कुठून?

एक गळती सर्वांना ठाऊक असावी अशी: अंगावरची चरबी. पाळी गेल्यावरही चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, म्हणून वजन जास्त असलेल्या बायकांत पिशवीचा कर्करोग जास्त दिसतो. दुसरी गळती दुर्मीळ आहे. अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ. या पेशींचं तरुणपणीचं कामच इस्ट्रोजेन बनवणं. त्यांची गाठ झाली की त्या पुन्हा कामाला लागतात, आणि थांबत नाहीत. अंडाशयाच्या कर्करोगांत या गाठीचा वाटा शंभरात दोन ते पाच. बाईला आधी जाणवतं ते रक्त. कोणाची छाती पुन्हा दुखरी होते, पाळीच्या आधी व्हायची तशी. एखादी म्हणते, "अंग ओलसर वाटतंय, कोरडेपणा गेला," आणि तिला ते बरंच वाटत असतं.

इथे चूक अशी होते. तुकड्याचा रिपोर्ट येतो, 'अस्तर जाड'. अस्तरावर औषध सुरू होतं आणि अंडाशयाकडे बघायचं राहून जातं. गवत कापलं, पाइप तसाच. रक्तातलं इस्ट्रोजेन आणि याच पेशींचं इन्हिबिन बी हे दुसरं संप्रेरक मोजलं तर ही गाठ बहुधा पकडता येते. शांतपणे वाढणारी असल्याने ती बरेचदा एकाच अंडाशयात असतानाच सापडते आणि शस्त्रक्रियेने निघते. पण तिची स्मरणशक्ती लांब आहे. दहा, कधी वीस वर्षांनीही ती परत आलेली आहे. म्हणून 'पाच वर्षं झाली, सुटलो' हा हिशेब इथे चालत नाही, तपासणी जन्मभर. २००९ साली कॅनडातल्या संशोधकांना या गाठीच्या जवळजवळ सगळ्या प्रौढ रुग्णांत फॉक्सएल-२ या एकाच जनुकातला एकच बदल सापडला. एवढा नेमका ठसा फार थोड्या गाठींना असतो, आणि पॅथॉलॉजीवाल्यांना शंका आली की आता ते तो ठसा शोधतात.

जिची स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे, तिने हे वाचून एक लक्षात ठेवावं. ही गोळी स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण पिशवीत स्वतःच थोडी इस्ट्रोजेनसारखी वागते. पॉलिप होतात, आणि पाळी गेलेल्या बायकांत पिशवीच्या कर्करोगाचा धोका दोन-तीन पट होतो. तरी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, तिचा फायदा मोठा आहे. रक्त दिसलं तर मात्र त्याच आठवड्यात जायचं.

आता मला सर्वात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट. तांबी.

१९६५ साली सरकारने कुटुंब नियोजनात 'लूप' आणला. लिपीज लूप, पांढऱ्या प्लॅस्टिकची, सापाने वेटोळं घातल्यासारखी वळणं असलेली वस्तू. ती शिबिरांतून, आरोग्य केंद्रांतून लाखो बायकांना बसवली गेली. मग तांब्याची तार गुंडाळलेली कॉपर-टी आली, म्हणजे आपली तांबी. बसवली तेव्हा सांगितलेलं असतं की अमुक वर्षांनी काढायला या. पण बदली होते, गाव बदलतं, कार्ड हरवतं. तांबी दुखत नाही, दिसत नाही. पाळी जाते, मूल व्हायची भीतीही जाते, आणि तांबी विस्मरणात जाते. लूप बसवलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या सुनांनाही माहीत नसतं, आणि काही जणींना स्वतःलाही नाही, कारण बाळंतपणानंतर बसवताना कोणी नीट सांगितलेलंच नव्हतं.

पाळी गेल्यावर पिशवी आक्रसते. वस्तू तेवढीच राहते. मुठीतली वस्तू मूठ आवळली की रुतते, तशी ती भिंतीत रुतते. जखम होते, रक्त येतं. कधी 'ॲक्टिनोमायसिस' नावाचा जंतू तिच्या आधाराने ठाण मांडतो. कधी पिशवीचं तोंड आवळून बंद झालेलं असतं, आत पू साठतो, आणि घाण वासाचं लालसर पाणी जायला लागतं. सोनोग्राफीत ती दिसते, आणि लूपच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम मिसळलेलं असल्याने साध्या एक्स-रेतही स्पष्ट दिसते. काढताना दोरा सापडला तर काम सोपं, नाहीतर दुर्बिणीतून. नियम असा की पाळी जाऊन वर्ष झालं की आत असेल ती वस्तू काढून टाकायची.

तांबीची बहीण म्हणजे रिंग. अंग बाहेर येतं त्या बायकांना शस्त्रक्रिया झेपत नसेल तर योनीत आधाराला रिंग बसवतात. ती ठरलेल्या महिन्यांनी काढून, धुऊन पुन्हा बसवायची असते. कोणी धुवायला गेलंच नाही तर ती रुतते, चरते, आणि वर्षानुवर्षं राहिली तर मूत्राशयात किंवा गुदाशयात भोक पाडू शकते.

आणि अंग बाहेर येण्याचंच बोलायचं तर इथे 'दुर्मीळ' या शब्दाशी माझं भांडण आहे. परदेशी पुस्तकांत बाहेर आलेल्या पिशवीवरची जखम हे रक्तस्रावाचं क्वचित कारण म्हणून एका ओळीत उरकलेलं असतं. आपल्याकडे बाळंतपणानंतर महिन्याच्या आत डोक्यावर हंडा आणि पाठीवर मोळी घेतलेल्या बायकांना विचारा. अंग बाहेर येतं, त्या हाताने आत ढकलतात, कापडाची घडी लावून कामाला जातात. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेल्या भागाची त्वचा जाड, कोरडी होते, अशुद्ध रक्त साचून सुजते, आणि सर्वात खालच्या टोकाला, जिथे कापड घासतं, तिथे व्रण पडतो. रुपयाएवढा, कधी मोठा. त्यातून रक्त येतं. बाई म्हणते, "ते तर नेहमीचंच आहे."

उपाय जुना आणि स्वस्त आहे. अंग आत बसवून ग्लिसरीन-ॲक्रिफ्लेविनमध्ये भिजवलेली पट्टी भरायची, इस्ट्रोजेनचं मलम लावायचं, आराम. पिवळ्या औषधाची ती पट्टी सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका डोळे मिटून भरतात. आत राहिलं की सूज उतरते आणि जखम भरते, मग शस्त्रक्रिया. आठवड्या-दोन आठवड्यांत भरायचं लक्षणच दिसत नसेल, तर मात्र त्या व्रणाचा तुकडा तपासायचा.

क्षयही इथे येतो, आणि भारतात त्याचा विचार न करून चालत नाही. पिशवीचा टीबी आपल्याकडे तरुण बायकांत, मूल होत नाही म्हणून तपासताना सापडतो. फुप्फुसातून रक्तावाटे जंतू आधी गर्भनलिकांत जातो, तिथून अस्तरात उतरतो. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर इतकं वाळलेलं असतं की जंतूला खायला फार नसतं, म्हणून या वयात तो क्वचित. पण असतो तेव्हा हुबेहूब कर्करोगाचं सोंग घेतो. रक्त जातं, पिशवीत पू होतो, वजन उतरतं, पोटात पाणी होतं, आणि रक्तातलं सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारं प्रथिन, तेही वाढतं. या एका आकड्यावर घरातले हाय खातात. सीए-१२५ टीबीतही वाढतं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. अंडाशयाचा कर्करोग समजून पोट उघडलं आणि टीबी निघाला, असं झालेलं आहे. म्हणून पिशवीचा तुकडा काढला की सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकायचा नाही. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, मग तो वाढवून बघता येत नाही. शंका असेल तर थोडा भाग सलाइनमध्ये, जंतूच्या तपासणीसाठी वेगळा पाठवतात. निदान झालं तर औषधं साधारण सहा महिने, आणि सरकारी कार्यक्रमातून फुकट.

"माझी तर पिशवीच काढलीय, मला कशाला?" हे वाक्य आपल्या भागात इतक्या जणींच्या तोंडी आहे की त्यावर वेगळं लिहायला हवं. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारींवर राज्य सरकारला २०१९ साली चौकशी समिती नेमावी लागली होती. पिशवी काढल्यावरही योनी राहते, बहुधा अंडाशयं राहतात, आणि काही शस्त्रक्रियांत पिशवीचं तोंडही तसंच ठेवलेलं असतं. त्या तोंडाला कर्करोग होऊ शकतो. योनीच्या वरच्या टोकाला जिथे टाके घातले तिथे लाल मांसल दाणे वाढतात आणि रक्त येतं. त्यावर औषध लावून जाळलं की बहुधा संपतं. क्वचित गर्भनलिकेचं टोक त्या टाक्यांच्या फटीतून योनीत डोकावतं आणि अगदी त्या दाण्यांसारखंच दिसतं. जाळूनही पुन्हा पुन्हा वाढतंय म्हटल्यावर डॉक्टरांना संशय येतो. पिशवी काढलेल्या बाईकडे तिचं डिस्चार्ज कार्ड असणं म्हणून महत्त्वाचं. काय काढलं आणि काय ठेवलं, हे तिला सांगता येत नाही. तिला त्या वेळी सांगितलंच नव्हतं.

गर्भनलिकेचा कर्करोग ओळखायची एक जुनी खूण आहे. पोटात कळ येते, मग एकदम पाण्यासारखं, कधी पिवळसर, कधी लालसर, भरपूर जातं, आणि कळ थांबते. फुगलेली नलिका पिशवीवाटे रिकामी होते. मग पुन्हा भरते. सगळ्यांत ही खूण दिसत नाही, पण कोणी बाई "पाणी फुटल्यासारखं होतं आणि मग बरं वाटतं" असं सांगत असेल तर हसण्यावारी नेऊ नये. अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कर्करोग मुळात नलिकेच्या झालरीतून सुरू होतात, असं आता मानलं जातं. घरात आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगायचं.

बाकीची कारणं भराभर. पिशवीतल्या साध्या मांसल गाठी, म्हणजे फायब्रॉइड, पाळी गेल्यावर सुकायला हव्यात. वाढत असतील तर सार्कोमाची, म्हणजे पिशवीच्या मांसल भागाच्या कर्करोगाची शंका. पूर्वी पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी 'शेक', म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या बाईला पुष्कळ वर्षांनी योनीतल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त येतं, आणि कधी नवी गाठही असते. स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग पिशवीत उतरून पहिल्यांदा तिथेच दिसतो, हे अगदी क्वचित. वारेच्या पेशींचा कर्करोग, ज्याला गर्भारपण लागतं, तोसुद्धा शेवटच्या बाळंतपणानंतर वीसेक वर्षांनी सापडलेला आहे. तो ओळखायला गरोदरपणाचीच तपासणी करतात, आणि साठीच्या बाईला ती सांगितली की घरात भलताच गोंधळ उडतो. पिशवीच्या भिंतीत रोहिणी आणि नीला परस्पर जोडल्या गेल्याची विकृती असते. तिथे न बघता क्युरेटिंग केलं तर रक्त थांबवणं मुश्कील होतं, म्हणून आधी रंगीत डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. आणि जळू. ओढ्यात, तळ्यात बसून अंघोळ करणाऱ्या बायकांच्या योनीत जळू चिकटल्याच्या नोंदी आहेत. ती सुटून गेली तरी तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि जखम वाहत राहते.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर मात्र थांबायला हवं. स्टेंट पडलेल्या, झडप बदललेल्या बायकांना रक्त दिसलं की सगळे त्या गोळीला दोष देतात. गोळीमुळे रक्त जास्त वाहतं हे खरं, पण ते वाहायला जागा लागते. बरेचदा आत पॉलिप असतो, किंवा आणखी काही, जे गोळी नसती तर एवढ्यात कळलंच नसतं. तपासणी तेवढीच पूर्ण करायची. गोळी बंद करायचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशिवाय घ्यायचा नाही.

औषधाच्या दुकानातून रक्त थांबायच्या गोळ्या परस्पर आणण्याची सवयही इथे नडते. त्यांनी डाग थांबतो, पण मूळ कारण तसंच राहतं, आणि बाई निर्धास्त होते.

बार्शीची गोष्ट मला या सगळ्यात दिलासा देणारी वाटते. १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे लोक गावोगाव जायचे, बायकांना सांगायचे की अंगावर असं जात असेल, पाळी गेल्यावर लाल दिसलं, तर लपवू नका, दवाखान्यात या. मोठी मशीन नव्हती, मोहीम होती ती बोलण्याची. काही वर्षांत पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडायला लागला, असं त्या नोंदींतून दिसलं.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं, हे मी मावशीकडून शिकले. पहिला डाग कधी दिसला, किती, कशाच्या वेळी. चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्यायची, बाळंतकाढ्यासारखे घरगुती काढे आणि चूर्णंही सांगायची. जुनी कार्डं. आणि टेबलावर तपासल्याशिवाय घरी यायचं नाही. 'सोनोग्राफी झालीय' म्हणून कोणी तपासायचं टाळत असेल तर आपण तोंड उघडून म्हणायचं, "एकदा बघा ना." मला माहीत आहे, हे म्हणणं किती जड जातं. मावशी टेबलावर चढताना माझा हात सोडत नव्हती, आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

मलम लिहून दिल्यावर डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "तांबी बसवली होती का कधी?"

"होती. धाकट्याच्या पाठीवर."

"काढली कोणी?"

मावशी बराच वेळ गप्प राहिली. नर्सचं नाव आठवलं, दवाखान्यासमोरचं वडाचं झाड आठवलं, त्या दिवशी एसटी चुकली होती तेही आठवलं. पण ते बसवतानाचं होतं की काढतानाचं, हे काही तिला सांगता येईना. सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं, तरी बाईंनी खात्रीसाठी ओटीपोटाचा एक एक्स-रे सांगितला. फिल्म उजेडाकडे धरून त्यांनी वरखाली बघितली. मणके होते, खुब्याची हाडं होती, आणि कमरेच्या नाडीत अडकवलेली मावशीची सेफ्टीपिन.